सैल वस्तू

रबाळे एमआयडीसी, रात्रीचे साडेअकरा.
समोरच्या कंपनीची पाळी सुटलीये,
आणि परशुदादा भोईर माझ्या तेरा वर्षांच्या स्विफ्टचं पोट
फरशीवर रिकामं करतायत.

वाशीच्या मॉलची पावती, आकडे उडालेली.
दोन छत्र्या. सव्वीस रुपयांची चिल्लर.
अबोलीची क्लिप, तिचं पाढ्यांचं पुस्तक
(हरवलं म्हणून केवढी ओरडले होते).
आणि ड्रायव्हरच्या सीटखालून
एक टेनिसचा चेंडू, लव झडलेला.

दादांनी तो पुसला,
ब्रेकच्या पॅडलमागे सरकवला, म्हणाले,
"आता दाब."
दाबला. पाय अर्ध्यावर अडला.
"एकशेचाळीसला आसाच दाबशील."
पुढे काही बोलले नाहीत.

मी त्यांना नवा एक्झॉस्ट दाखवत होते,
इनटेक, बोटभर खाली बसवलेलं सस्पेन्शन.
दोन वर्षांचा बोनस आहे त्यात.
त्यांनी बॅटरी धरून हलवली. हलली.
ब्रेक ऑइलच्या डबीत टॉर्च मारला:
"यो काय गो, चहा?
गाडी पलवायला पैसं हायत तुज्याकडं,
थांबवायला नाय."

लाल रंगाचा चार टोकांचा पट्टा मी हौसेनं मागवलेला.
त्यांनी घडी घालून माझ्याच हातात दिला.
"आत पिंजरा नाय. गाडी उलटली, छप्पर खाली आलं,
तर यो तुला ताठ बसवून ठेवंल.
कंपनीचाच लाव."
फोटोत तो किती छान दिसला असता.

मग बराच वेळ: दाब. धर. सोड.
मी आत, ते चाकापाशी, हातात पारदर्शक नळी,
पाण्याच्या बाटलीत बुडबुडे मोजत.
दाब. धर. सोड.
"हेल्मेट पडलंय का कदी?"
"नाही."
दाब. धर.
चौथं चाक आलं तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.
"दादा, पडलं होतं. जिन्यावरून. दोन मजले.
वरून काही दिसत नाही."
"सोड," ते म्हणाले. पॅडल की विषय, कळलं नाही.
नळी काढली, हात पुसले.
"तुर्भ्याचं दुकान धाला उघडतं. नवं घे, मग निघ.
पैलं सेशन गेलं तर गेलं."

फॉर्मवर एक चौकोन होता:
अपघात झाल्यास कोणाला कळवावे.
संकेतला मी ट्रेनिंग सांगितलंय, बंगळुरूला, तीन दिवस.
पेन तिथंच थांबलं.
दादा चाकाचे नट आवळत होते,
पाना एका जागी कट् म्हणायचा
आणि ते प्रत्येक नटावर पांढरी रेघ मारायचे,
नट फिरला तर रेघ मोडलेली दिसावी म्हणून.
अशी एक रेघ माणसावरही मारता आली असती तर
संकेतनं माझी केव्हाच पाहिली असती.
मी बाहेर जाऊन फोन लावला.
तो झोपेत होता. मग नव्हता.
बरंच बोलला. शेवटी नंबर लिहिताना
मला स्वतःच्याच नवऱ्याचा आकडा दोनदा तपासावा लागला.

दीड वाजता नवे ब्रेक पॅड बसवायला
नाल्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर निघालो.
साठवर न्यायची, वीसवर आणायची, पूर्ण थांबायचं नाही.
शेजारी दादा आकडे मोजतायत, मांडीवर चेंडू.
गाडीत काहीच खुळखुळत नव्हतं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला तिचा एकटीचा आवाज ऐकू आला.
साठ. वीस. करपट वास.

मागून एक काळी गाडी आली, चार पोरं, काचा खाली.
डॅशबोर्डावर बाटल्या नाचतायत.
"ओ मॅडम, चालवता येत नाही का?"
आणि दिघ्याच्या दिशेनं सुसाट.

"पाच झाले," दादा म्हणाले,
"आजून पाच."